शरदातले कोल्हापूर आणि तांबडा भोपळा

पंचगंगाकाठ (धागा सुरू करणाऱ्या)

पितृपक्ष सरत आला की कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीचा रंग बदलतो. श्रावणातल्या पालेभाज्यांचा ओला ढीग ओसरतो, काकड्या जून होऊ लागतात आणि पोत्यावर तांबडे भोपळे मांडून बसलेल्या बायका गिऱ्हाईक सांगेल तेवढी फाक कापून तराजूत टाकताना दिसतात. ज्या भाजीकडे वर्षभर कोणी फारसे वळून पाहत नाही, तिला या दीड महिन्यात अचानक मान मिळतो. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि इतरांचेही ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे शरद ऋतू असा काही नसतोच, पाऊस संपला की ऑक्टोबरची काहिली आणि ती संपली की थंडी, असे विधान अलीकडे वारंवार वाचनात येते. परदेशातल्या लालपिवळ्या पानांची छायाचित्रे पाहून आपल्या ऋतूचे मोल ठरवू लागलो, तर असे वाटणारच. परंतु आपली पानगळ शिशिरातली आहे आणि तिचा आश्विन-कार्तिकाशी काही संबंध नाही. आपला शरद हा पिकण्याचा ऋतू आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतली भाते याच दिवसांत हिरवी-पिवळी होत लोंब्यांनी वाकतात, सोयाबीनची काढणी आणि भुईमुगाची उपटणी सुरू होते, जोतिबाच्या डोंगरउतारावरचे गवत सोनेरी दिसू लागते आणि शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे राहतात. दुपारी ऊन भाजून काढते हे खरे आहे, पण तेच ऊन भात वाळवते, गोधड्या वाळवते आणि चार महिने ओलावलेल्या भिंतींचा कुबट वासही घालवते. दसऱ्याच्या आधी घरातली झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आपल्या भागातली रीत या उन्हाच्या भरवशावरच चालत आली आहे.

या ऋतूचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर सीताफळाचे नाव प्रथम पुढे येईल, याची मला कल्पना आहे. तरीही माझे मत तांबड्या भोपळ्याला आहे. ऋषिपंचमीच्या भाजीत त्याची हजेरी असते, पितृपक्षातल्या पानात त्याची भाजी वाढली जाते, नवरात्राच्या उपासाला तो बहुतेक घरांत चालतो, हादग्याच्या खिरापतीत त्याचे घारगे येतात आणि कोजागरीला आटीव दुधाबरोबर काहीतरी तळणीचे हवे म्हणून पुन्हा त्याच घारग्यांची आठवण होते. श्राद्ध, उपास आणि मुलींचा खेळ या तिन्ही ठिकाणी तितक्याच सहजपणे वावरणारी दुसरी भाजी मला तरी सांगता येणार नाही. त्यात तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि लहान कुटुंबाला फाकेवर मिळतो, म्हणजे अख्खा घ्यायची सक्ती नाही.

म्हातारीची आणि टुणुक टुणुक पळणाऱ्या भोपळ्याची गोष्ट इथे कोणीतरी काढणार, हे मी गृहीत धरले आहे. ती सर्वांना पाठ आहे, तेव्हा कृपया तिच्यापलीकडचे लिहावे. तुमच्या घरी भोपळा कसा निवडतात, कसा ठेवतात, काय करतात आणि या ऋतूत तुम्हाला नेमके काय आवडते, हे वाचायला आवडेल.

शिवारातून

ताई, धागा उत्तम काढला आहे. मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी असून आमच्याकडे उसाच्या कडेने आणि परसात भोपळ्याचे वेल दरवर्षी असतात, म्हणून वेलाच्या बाजूने थोडे लिहितो.

मृगाचा पाऊस झाला की आळी करून शेणखत भरायचे आणि प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकायच्या, ही साधी पद्धत आहे. बी टोकल्यापासून फळ पक्के होईपर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने जातात, त्यामुळे जून-जुलैमध्ये लावलेला वेल नवरात्राच्या सुमारास बरोबर हाती येतो. सणांना भोपळा लागतो म्हणून तो पिकवला जातो, की तो तेव्हा पिकतो म्हणून सणांत शिरला आहे, याचा विचार करता मला दुसरे कारण अधिक पटते.

शहरातल्या मंडळींनी कधी संधी मिळाली तर सकाळी सात-साडेसातच्या आत वेलाजवळ उभे राहून पाहावे. एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन वेगळी फुले लागतात. नर फूल लांब, बारीक देठावर ताठ उभे असते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मात्र सुपारीएवढा गोल हिरवा भोपळा आधीपासूनच बसलेला असतो. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, म्हणजे मधमाशीला मिळणारा अवधी अवघ्या काही तासांचा असतो. तेवढ्यात परागकण पोहोचले नाहीत, तर तो इवला भोपळा चार-पाच दिवसांत पिवळा पडून गळून जातो. श्रावणात सलग झड लागली की माश्या बाहेर पडत नाहीत आणि वेल नुसता पाने वाढवत राहतो. अशा वेळी आमच्या घरात नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवतात. हे काम घरातल्या लहान मुलांकडे असते आणि ती ते मोठ्या माणसांपेक्षा नीट करतात, कारण त्यांना घाई नसते.

वेलाचे मोठे शत्रू म्हणजे कोवळेपणी पाने चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरे, फळात अंडी घालणारी फळमाशी आणि पाऊस उघडल्यावर पानांवर पिठासारखी पसरणारी भुरी. त्यात नदीकाठच्या रानाला पुराचे भय वेगळेच. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरात आमच्या पट्ट्यातले काठावरचे वेल पाण्याखाली कुजले. वेलाच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही, त्यामुळे त्यानंतर आम्ही उंचवट्याची जागा पाहूनच आळी करतो. गगनबावड्याकडचा कोसळता पाऊस या वेलाला झेपत नाही; आमच्याकडचा बेताचा पाऊस आणि काळे रान त्याला मानवतात.

कडूकारले

सर्वांच्या उत्साहावर पाणी ओतण्याची इच्छा नाही, पण धाग्यात एक विरोधी सूर असलेला बरा. तांबड्या भोपळ्याला स्वतःची चव नसते, हे माझे ठाम मत आहे. घारग्यात जी गोडी लागते ती गुळाची, भरतात जी खमंग चव लागते ती मोहरीची आणि भाजीत जे काही असते ते कांदा-लसूण चटणीचे. भोपळा फक्त जागा भरतो. वसतिगृहात राहत असताना आठवड्यातून अनेकदा पाणी सुटलेली, पिवळट, शिजून गाळ झालेली भोपळ्याची भाजी ताटात आलेली ज्याने पाहिली आहे, त्याला या फळात ऋतूचा आनंद दिसणे कठीण आहे. शरद ऋतूबद्दल मात्र धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. पहाटेचे दव आणि दसरा चौकातला शाही दसरा या दोन गोष्टींसाठी मी वर्षभर वाट पाहतो.

पंचगंगाकाठ

कडूकारले, आपले नाव पाहता आपली बाजू समजू शकते. वसतिगृहाच्या भाजीचा दोष भोपळ्याच्या माथी मारू नये, इतकेच म्हणते. पाणी सुटण्याचे कारण बहुतेक वेळा कोवळे फळ हे असते. बाजारात लवकर पैसे व्हावेत म्हणून पुरता न पिकलेला भोपळा तोडतात, आणि अशा फळात गर फिका, पाणचट व बेचव असतो. पक्के फळ ओळखायचे असेल तर देठ पाहावा: तो हिरवा आणि रसदार नसून वाळलेला, खडबडीत असावा. सालीवर नख ओढून पाहावे. पक्क्या सालीवर नख रुतत नाही. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरट असेल तर थांबावे, पिवळा झालेला असेल तर घ्यावा. फाक घेताना गराचा रंग गडद आहे का आणि बियांभोवतीचा भाग लिबलिबीत झालेला नाही ना, एवढे पाहिले तरी पुरते.

दुसरे असे की पक्का भोपळा तोडल्यावर लगेच खाण्यापेक्षा तीन-चार आठवडे ठेवून खाल्ला तर अधिक गोड लागतो, कारण साठवणीच्या काळात त्यातल्या पिष्टाचे हळूहळू साखरेत रूपांतर होते. म्हणजे गोडी सगळीच गुळाची नसते.

माजघर

पाककृतींचा विषय निघालाच आहे, तर घारग्यांबद्दल लिहिते. आमच्या सासूबाईंच्या हाताखाली जे शिकले, ते जसेच्या तसे देत आहे.

भोपळा सोलून किसावा. दोन वाट्या किसाला साधारण एक वाटी चिरलेला गूळ लागतो. भोपळा चांगला पिकलेला असेल तर गूळ थोडा कमी घ्यावा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर कीस परतून, झाकण ठेवून वाफ काढावी. पाण्याचा थेंबही घालू नये. कीस मऊ झाल्यावर गूळ घालावा. गूळ विरघळला की मिश्रण आधी सैल होते आणि मग हळूहळू आळू लागते. कालथ्याने मध्ये रेघ ओढली असता ती क्षणभर तशीच राहिली म्हणजे उतरवण्याची वेळ झाली. मिश्रण पूर्ण गार होऊ द्यावे. त्यात चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवावे. किती कणीक, हे प्रमाणाने सांगता येत नाही, कारण ते सर्वस्वी भोपळ्याच्या ओलेपणावर असते.

इथे एक काळजी घ्यावी. हे पीठ पोळ्यांच्या कणकेसारखे तासभर मुरत ठेवू नये. गुळामुळे ते आपोआप सैल होत जाते आणि मग वरून पुन्हा कणीक घालावी लागते, त्यामुळे घारगे वातड होतात. भिजवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थापायला घ्यावे. केळीच्या पानाला तेलाचा हात लावून, गोळ्यावर खसखस टोचून, जाडसर थापावे आणि मध्यम आचेवर तळावे. आच मोठी झाली तर गूळ आधी करपतो आणि घारगा आतून कच्चा राहतो. उत्तम जमलेला घारगा पुरीसारखा टम्म फुगत नाही. तो कडेने खुसखुशीत आणि मध्ये मऊ असतो, व तीन-चार दिवस सहज टिकतो.

नवरात्रात आपण जो गूळ वापरतो तो गेल्या हंगामातला असतो, कारण आपल्याकडचे नव्या गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू होतात. त्यामुळे आमच्या घरी एक घाणा नवरात्रात आणि एक पाडव्यानंतर, असा प्रघात आहे. नवा गूळ रंगाने फिका आणि चवीला किंचित खारट-गोड असतो, जुना गडद आणि उग्र. भोपळ्याशी जुन्या गुळाचे अधिक जमते, असे माझे मत आहे. घरात याबाबत एकमत नाही.

कडूकारले यांच्यासाठी उपासाव्यतिरिक्तची भाजी सांगते. भोपळ्याची साल न काढता मोठ्या फोडी कराव्यात. तेलात मेथीदाणे लालसर होऊ द्यावेत, हिंग घालावा, फोडी टाकून त्यावर कांदा-लसूण चटणी, मीठ आणि गुळाचा लहान खडा घालावा, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावे आणि शेवटी शेंगदाण्याचे कूट पसरावे. ढवळायचे नाही, पातेले हलवायचे. फोडी अखंड राहतात, गाळ होत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहावी आणि मग मत कळवावे.

टेंबलाईचा उतार

कोल्हापूरच्या शरदाचा धागा आहे आणि ललितापंचमीचा उल्लेख अजून आलेला नाही, याचे नवल वाटते. आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे छत्रपतींच्या उपस्थितीत कुमारिकेच्या हातून कोहळा छेदला जातो. या दिवसाला आपल्याकडे कोहळा पंचमी असेच म्हणतात. कथा अशी सांगतात की कोल्हासुराच्या वधानंतर झालेल्या सोहळ्याला त्र्यंबोलीला बोलावणे राहून गेले, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः तिच्या भेटीला गेली. कोल्हासुराने मरताना आपल्या नावाने दरवर्षी कोहळ्याचा बळी द्यावा असे मागणे मागितले होते, असेही या कथेत येते.

ज्यांनी हा सोहळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळपासून टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. खेळण्यांचे, बत्तासे-चिरमुऱ्यांचे आणि भेळेचे गाडे उतारापर्यंत लागलेले असतात. पालखी आली, देवींची भेट झाली आणि कोहळा फुटला, की त्याचा एखादा तुकडा तरी हाती लागावा म्हणून जी झुंबड उडते, तिचे वर्णन शब्दांत करणे अवघड आहे. कोहळ्याचा गर, बिया आणि पाणी अंगावर घेऊन, सदऱ्याच्या गुंड्या तुटलेल्या अवस्थेत, मुठीत तुकडा घट्ट धरून हसत बाहेर पडणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. कोहळा म्हणजे तांबडा भोपळा नव्हे. वरून पांढरट राख फासल्यासारखा दिसणारा, आतून पांढरा गर असलेला तो वेगळा वेल आहे, जरी दोन्ही एकाच कुळातले असले तरी. सांडग्यांना आणि पेठ्याला लागतो तो हाच.

वाचनवेडा

टेंबलाईचा उतार यांच्या खुलाशावरून एक भर घालतो. कोहळा आशियातला आहे आणि जुन्या संस्कृत ग्रंथांतला कूष्मांड तो हाच. तांबडा भोपळा मात्र अमेरिका खंडातून आलेला आहे. त्याच्या कुळातल्या वेलांची लागवड मेक्सिकोच्या परिसरात फार प्राचीन काळापासून होते. तिथल्या वाहाका राज्यातील एका गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. कोलंबसाच्या प्रवासानंतर, पोर्तुगीजांच्या व्यापाराच्या काळात, इतर अनेक पिकांबरोबर तो आपल्याकडे पोहोचला.

यातली गंमत उपासाच्या ताटात आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, राजगिरा, हिरवी मिरची आणि तांबडा भोपळा, हे सर्वच पदार्थ मुळात अमेरिका खंडातले. ज्या धान्य-भाज्या आपल्याकडे आधीपासून होत्या त्या उपासाला वर्ज्य ठरल्या आणि नंतर आलेल्यांबद्दल कोणताच निषेध लिहिलेला नसल्याने त्या चालून गेल्या, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला पटते. ऋषिपंचमीच्या भाजीचे तत्त्व बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हे आहे. परसातल्या आळ्यात नांगर न लावता येणारा भोपळा त्या नियमात अगदी चपखल बसला.

दूरदेशी करवीरकर

मी मूळचा कोल्हापूरचा असून नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहतो. वाचनवेडा यांनी भोपळ्याचे माहेर सांगितले, तेव्हा माहेरच्या बाजूने लिहिणे मला भाग आहे.

अमेरिकेत डबाबंद होणाऱ्या भोपळ्याचा बहुतांश भाग आमच्याच राज्यात पिकतो. मॉर्टन नावाचे एक लहान गाव इथे आहे, ते स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवून घेते. विशेष हे की डब्यात भरला जाणारा भोपळा आणि आपला घारग्यांचा भोपळा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला जे कोरून, आत दिवा ठेवून दारात मांडतात, ते गोल नारिंगी भोपळे दुसऱ्या जातीचे असतात. त्यांचा गर रेषाळ आणि पाणचट असल्याने खाण्यात फारशी मजा नसते. कोरण्याची प्रथा आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी आणली. तिकडे ते सलगम कोरत असत. इथे आल्यावर त्यांना त्याहून मोठे आणि कोरायला सोपे फळ मिळाले.

सप्टेंबरअखेरीस इथे कुटुंबेच्या कुटुंबे शेतावर जातात. गवताच्या गाठोड्यांवर बसून ट्रॅक्टरमागच्या गाडीतून शेतात फिरायचे, वेलांमधून हिंडत आपला भोपळा आपण निवडायचा, तो हातगाडीतून ढकलत आणायचा आणि शेवटी सफरचंदाचा गरम रस प्यायचा, असा तो दिवस असतो. पहिले गोठलेले दहिवर पडण्याआधी शेतातले सारे फळ उचलावे लागते, नाहीतर ते मऊ पडून सडते. म्हणून शेतकऱ्याचीही घाई असते. मोठ्या भोपळ्यांच्या स्पर्धा होतात त्या वेगळ्याच. २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बे येथे १,२४७ किलो वजनाचा भोपळा तोलला गेला होता. खाण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य, पण तराजूवर चढवताना जमलेली गर्दी पाहिली तर आपल्या बैलगाडा शर्यतीची आठवण व्हावी.

पंचगंगाकाठ यांचे पानांबद्दलचे म्हणणे मात्र मला पुरते मान्य नाही. इथला शरद डोळ्यांना खरोखरच वेड लावतो आणि त्याचे कौतुक केल्याने आपल्या शरदाचे काही कमी होत नाही. दिवस लहान झाला की पानांतले हिरवे द्रव्य नष्ट होऊन आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो, एवढेच त्याचे शास्त्र. पण मेपलच्या झाडाखाली उभे राहिल्यावर शास्त्र आठवत नाही. तरीही एक गोष्ट इथे नाही. हा भोपळा कोणाच्या आठवणीत पानावर वाढला जात नाही.

पंचगंगाकाठ

आपला मुद्दा मान्य. माझा राग पानांवर नव्हता, तुलनेवर होता.

तंतुवाद्य

मिरजेहून लिहीत आहे. कोल्हापूर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. खाण्याच्या भोपळ्याची चर्चा चालू असताना न खाण्याच्या भोपळ्याविषयी दोन ओळी लिहिण्याची परवानगी असावी. आमच्याकडे सतार आणि तंबोरा यांचा तुंबा ज्यापासून होतो, तो कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो वेलावरच पूर्ण जून होऊ देतात आणि नंतर महिनोन् महिने वाळवतात, तेव्हा त्याचे कवच लाकडासारखे कठीण होते. वाळलेल्या फळांच्या माळा कारागिरांच्या माळ्यावर टांगलेल्या असतात, आणि कारागीर त्यांतले एखादे हातात घेऊन बोटाने टिचकी मारून त्याची जाडी जोखतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या कौतुकात भोपळा पिकवणाऱ्याचे नाव सहसा येत नाही, म्हणून इथे नोंदवले.

कडूकारले

माजघर यांच्या कृतीने काल भाजी केली. साल न काढता शिजवलेल्या फोडींना चावा राहतो आणि मेथीदाण्यांचा कडवटपणा गुळाला आवर घालतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. भोपळ्याला स्वतःची चव नाही हे मत मी अद्याप मागे घेतलेले नाही. त्याला शेजाऱ्यांची चव उत्तम घेता येते, इतकी दुरुस्ती करतो. आता प्रश्न असा की दोघांच्या घरात अख्खा भोपळा आणला तर तो किती दिवस टिकेल आणि कुठे ठेवावा? फाक फ्रिजमध्ये चौथ्या दिवशी चिकट होते.

शिवारातून

अख्खा आणि पक्का भोपळा असेल, तर दोन-तीन महिने सहज टिकतो. काही गोष्टी पाळाव्यात. तोडताना वीतभर नाही तरी चार बोटे देठ ठेवलेला असावा; देठ मोडलेल्या जागेतूनच कूज आत शिरते. याच कारणाने भोपळा देठाला धरून उचलू नये, खालून दोन्ही हातांनी उचलावा. आणल्यावर आठवडाभर सावलीत वाऱ्याला ठेवला की साल आणखी टणक होते. नंतर फरशीवर थेट न ठेवता पोत्यावर किंवा फळीवर ठेवावा, एकावर एक रचू नयेत आणि अधूनमधून बूड तपासत राहावे. फ्रिजची त्याला गरज नाही. कापल्यावर मात्र बिया आणि त्याभोवतीचे धागे आधी काढून टाकावेत, कारण चिकटपणा तिथूनच सुरू होतो. मग फाक कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर आणखी दोन-तीन दिवस मिळतात.

आमची तक्रार एवढीच की टिकणाऱ्या मालाला भाव टिकत नाही. पितृपक्षात आणि नवरात्रात जो दर मिळतो, तो दसरा झाल्यावर घसरतो, आणि मग तोच भोपळा आम्ही जनावरांपुढे ठेवतो. म्हशीला तो फार आवडतो.

माजघर

बिया टाकू नका, एवढे सांगायला पुन्हा आले. धागे चोळून धुऊन, राखेत किंवा नुसत्या उन्हात वाळवाव्यात. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर तडतडू लागेपर्यंत भाजून, मीठ लावून डब्यात भरल्या की मुलांना येता-जाता खायला होतात. सोललेला मगज खोबरे, तीळ आणि लाल मिरचीबरोबर कुटून कोरडी चटणीही छान होते.

पंचगंगाकाठ

शिवारातून, दसऱ्यानंतर भाव पडतो हे माझ्या ध्यानात नव्हते. आपल्यासारख्यांकडून थेट अख्खे भोपळे घेण्याची माझी आणि गल्लीतल्या चार-पाच घरांची तयारी आहे. दसरा झाल्यानंतरच्या रविवारी आपण लक्ष्मीपुरीच्या बाजारात येत असाल तर इथेच कळवावे. देठ ठेवून तोडलेले, पाच-सहा किलोंच्या आतले असावेत, एवढीच विनंती. त्याहून मोठे आमच्या चिंचोळ्या जिन्यातून वर नेता येत नाहीत.

शिवारातून

येणार आहे. गाडीत सात-आठ नग बसतील. माजघर ताईंना बियांसाठी हवे असतील तर एक वेलावरच ठेवून अधिक जून करतो, तो दिवाळीच्या सुमारास मिळेल. त्यातल्या चार बिया मात्र मृगात कुंडीत न लावता जमिनीतच टोकाव्यात. कुंडीत वेल वाढतो, फळ सहसा धरत नाही.